हे कोणाला विचारायचं?

७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या सरकारी कचेऱ्यांचे अभिलेखकक्ष एकाएकी उघडू लागले. मराठा समाजातल्या ज्यांच्या पूर्वजांची नोंद जुन्या कागदांत ‘कुणबी’ अशी सापडेल, त्यांना तसा दाखला कोणत्या पद्धतीने द्यायचा हे समितीने ठरवायचं होतं. या दाखल्यामागच्या आरक्षणाच्या वादात आपल्याला इथे शिरायचं नाही. आपल्याला पाहायचंय ते त्या निमित्ताने झालेलं शोधाचं अवाढव्य काम. एक अख्खी यंत्रणा आपल्याच कपाटांना एकच प्रश्न विचारते आहे, आणि उत्तर शोधताना आपल्याकडे काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, हे तिला कळत जातं, असा प्रसंग संस्थांमधल्या माहितीव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

पुरावा म्हणून कोणते कागद तपासायचे याची जी यादी निघाली, ती सावकाश वाचण्यासारखी आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही आणि १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर हे महसूल खात्याचे कागद तर होतेच. गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, हेही होतं. शाळांचं प्रवेश-निर्गम रजिस्टर होतं. भूमी अभिलेख खात्याचं पक्का बुक, शेतवार पत्रक आणि क्लासर रजिस्टर, निबंधक कार्यालयातली खरेदीखतं आणि भाडेचिठ्ठ्या, वक्फकडचे मुंतखब. इथवर ठीक. पण पुढे यादी तुरुंगात शिरते आणि कच्च्या कैद्यांचं रजिस्टर मागते. पोलिसांचे अटक पंचनामे मागते. उत्पादन शुल्क खात्याकडून ताडीची नोंदवही मागते.

ताडीच्या नोंदवहीत जात कशाला? त्या काळच्या कारकुनाला माणसाची ओळख पटवायला नाव, बापाचं नाव, गाव आणि जात लागायची, म्हणून त्याने ती लिहिली. वही होती महसूल गोळा करण्यासाठी. पुढे कधी कोणी जातीवरून माणूस शोधत येईल, हे वही बांधताना कोणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे तिची तशी सूची नाही, तसा अनुक्रम नाही. पान पान उलटण्याला पर्याय नाही. कुठल्याही कचेरीत, कारखान्यात, दवाखान्यात हाच अनुभव येतो. माहिती ज्या प्रश्नासाठी गोळा केली, त्या प्रश्नाला ती झटकन उत्तर देते. दुसरा प्रश्न विचारला की तीच माहिती मुकी होते.

ऑक्टोबर २०२३ अखेर मुख्यमंत्र्यांनी आकडे सांगितले. सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासले, कुणबी नोंदी सापडल्या साडेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे साधारण दीड हजार कागद चाळावेत तेव्हा एक नोंद. (पुढे शोधाची व्याप्ती सगळ्या राज्यावर नेली गेली, तेव्हा चित्र बदललं. विदर्भ-खानदेशातल्या नोंदींची जातकुळीच वेगळी होती.) इतके कागद तपासायचे तर नुसते हात पुरत नाहीत. वाचणारा लागतो, आणि इथेच खरी अडचण उभी राहिली.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसी मागे पडून उर्दू दरबारी भाषा झाली. गावपातळीवर मात्र पाटील-कुलकर्णी मोडी लिपीत लिहीत राहिले. एकाच गावाची एकाच सालची माहिती वर उर्दूत आणि खाली मोडीत. मोडी वाचणं म्हणजे काय, हे एकदा कागद हातात घेतल्याशिवाय कळत नाही. लिहिणारा आधी पानभर आडवी शिरोरेघ मारून घेतो आणि मग तिच्याखाली बोरू फारसा न उचलता अक्षरं ओढत जातो. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही. त्यात जागा वाचवायला संक्षेप. एखाद्या रकान्यात नुसतं ‘कु’ असेल तर ते कुणबी की कुंभार, हे त्या अक्षरात लिहिलेलं नसतं. त्याच रजिस्टरातल्या मागल्यापुढल्या नोंदी, त्याच कारकुनाची सवय, त्याच गावात कोण राहत होतं याची कल्पना, एवढं सगळं जमेस धरल्यावर निवाडा होतो. उर्दूतल्या घाईने लिहिलेल्या अक्षराची तऱ्हा तीच. नुक्ते गाळलेले, अक्षरं एकमेकांत मिसळलेली.

लिपी उलगडली तरी तारीख लागत नाही, कारण ती फसली सनात, म्हणजे महसुलाच्या जुन्या कालगणनेत आहे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे सोपं. पण हैदराबादेत दीर्घकाळ वर्ष सुरू व्हायचं आजूर महिन्यात, म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पुढे दै, बहमन, इस्फंदार असे इराणी वळणाचे महिने. फसली १३३० मधली नोंद आजूरमधली असेल तर ती १९२० ची आणि खुर्दादमधली असेल तर १९२१ ची.

मग गाव लागत नाही. अंबाजोगाई शोधायला निघालेल्याला कागदात अंबाजोगाई भेटतच नाही, कारण तिथे मोमिनाबाद लिहिलंय. धाराशिवचं उस्मानाबाद झालं आणि परत धाराशिव झालं. आपल्या शहराची तर कथाच निराळी. मलिक अंबरची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. संगणकात एकच नाव टाकून शोध घेणाऱ्याला तेवढ्याच काळाचे कागद दिसणार. जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. जालना १९८१ साली औरंगाबादेतून वेगळा झाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ साली परभणीतून. जिल्हा फुटतो तेव्हा कर्मचारी वाटले जातात, इमारती वाटल्या जातात आणि दप्तरही वाटलं जातं. कोणते गठ्ठे गेले आणि कोणते राहिले, हे सांगणारी यादी काही दशकांनी तितक्याच सहज सापडते का, हे ज्याने एकदा जुना फेरफार काढायला अर्ज केलाय त्याला विचारा. आणि यातला मोठा भाग तर हैदराबादलाच राहिलेला. समितीला तिथेही जावं लागलं.

लिपी, सन, गावाचं नाव, जिल्ह्याची हद्द यातली प्रत्येक अडचण शेवटी कोणी तरी माणसाने सोडवली. मोडी वाचणारे शोधले गेले, उर्दूचे जाणकार शोधले गेले. अभिलेखकक्षात वर्षानुवर्षं काढलेल्या, कोणत्या रॅकवर काय आहे हे ज्याच्या डोक्यात आहे अशा कर्मचाऱ्याला अचानक महत्त्व आलं. एरवी अभिलेखकक्षातली नेमणूक ही कचेऱ्यांत जवळजवळ शिक्षा मानली जाते.

या विषयाच्या अभ्यासक्रमी पुस्तकांत माहिती आणि ज्ञान यांची व्याख्या पहिल्या पानावर असते आणि ती वाचून काही हाती लागत नाही. वरच्या उदाहरणाने ती आपोआप होते. रुमालात बांधून ठेवलेला कागद ही माहिती. हा पुरावा ताडीच्या वहीतही असू शकतो, हे सुचणं हे ज्ञान. पहिली गोष्ट कपाटात राहते, स्कॅन होते, सर्व्हरवर चढते. दुसरी माणसाबरोबर कामावर येते आणि माणसाबरोबर घरी जाते. संस्थेचा अभ्यास करायचा तर या दोहोंमधली वाट शोधायची असते. एखादा प्रश्न उपटला की तो कोणाकोणाच्या टेबलावरून जातो, कुठे अडतो, कोण म्हणतं ‘थांबा, हे अमक्याला विचारा’, आणि तो अमका कोण.

ही वाट सुधारण्याचा एक गाजलेला प्रयोग आपल्या शहरापासून दोन-अडीच तासांवर झाला. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कचेरीची घडीच बदलली. संगणक तेव्हा कचेऱ्यांत आलेला नव्हता. लखिनांनी कागदांचे ढीग उपसून निवडले, अभिलेखकक्ष लावला, बसण्याची रचना अशी केली की काम कुठे तुंबलंय ते दिसावं, आणि प्रत्येक टेबलावरच्या कामाची लेखी पुस्तिका करून घेतली. या टेबलावर काय येतं, कोणत्या नियमाने निकालात निघतं, पुढे कुठे जातं. ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द नंतर राज्यभर पसरला. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांना कागदाची वर्गवारी नवी नव्हती. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एका वर्षात नष्ट करायचा. सहा गठ्ठे पद्धतही होती. पण ही सगळी पद्धत कागदाची होती. पुस्तिका होती ती टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यातल्या गोष्टींची. बदली होऊन आलेला नवा कारकून पहिल्या आठवड्यात शेजाऱ्याला जे विचारतो, ते तिथे लिहिलेलं होतं. माझ्या मते ज्ञान-व्यवस्थापनाचं भारदस्त इंग्रजी नाव रूढ होण्याआधी त्याचा हा उत्तम मराठी धडा होता.

पुढे माहिती अधिकार कायदा २००५ साली आला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचिबद्ध करून ठेवण्याचं बंधन घातलं. आपल्याकडे कलम सहाचे अर्ज गाजले, कलम चार कोपऱ्यात राहिलं. ते नीट पाळलं गेलं असतं तर २०२३ सालचा शोध इतका घामाचा झाला नसता.

आता कचेऱ्या सोडून छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, नगर रस्त्याने वाळूजच्या कारखान्यांकडे जाऊ. बजाज ऑटोचा इथला कारखाना सोळा महिन्यांत उभा राहिला आणि १९८५ साली राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. एन्ड्युरन्ससारख्या सुट्या भागांच्या कंपन्या त्याच सुमारास इथे उभ्या राहिल्या आणि पुढे चाळीस वर्षांत वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांचं एक जंगल वाढलं. यातल्या जवळपास प्रत्येक पुरवठादाराकडे गुणवत्तेचं प्रमाणपत्र असतं, नाही तर त्याचा माल घेतला जात नाही. या प्रमाणपत्रांच्या मुळाशी असलेल्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत एक नवं कलम आलं, ७.१.६. काम नीट चालायला कोणतं ज्ञान लागतं ते संस्थेने ठरवावं, ते टिकवावं आणि लागेल तिथे उपलब्ध करावं, असा त्याचा आशय. त्यानंतर ऑडिटर हा प्रश्न विचारू लागला आणि कारखान्यांना उत्तर तयार करावं लागलं.

उत्तर बहुधा भिंतीवर असतं. त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. डावीकडे कामगारांची नावं, वर मशीनची नावं, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांत विभागलेलं एक वर्तुळ. एक भाग भरला असेल तर माणूस शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली काम करतो, तीन म्हणजे एकटा सांभाळतो, आणि पूर्ण भरलेलं वर्तुळ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कल्पना फार सुंदर आहे. एका नजरेत कळतं की अमुक मशीनवर शिकवू शकणारा माणूस एकच उरलाय. कस्टमर ऑडिटच्या आदल्या दिवशी मात्र काही कारखान्यांत ही वर्तुळं फार झपाट्याने भरतात.

वर्तुळात काय मावत नाही, ते डायकास्टिंगच्या मशीनपाशी उभं राहिल्यावर दिसतं. वितळलेलं ॲल्युमिनियम लॅडलने स्लीव्हमध्ये ओतलं जातं, प्लंजर ते दाबाने डायमध्ये, म्हणजे साच्यात ढकलतो, डाय उघडते, भाग बाहेर येतो. त्याच्या शेपटाला धातूची एक जाड चकती चिकटलेली असते. तिला सगळे बिस्किट म्हणतात. हे बिस्किट पुढे कापून भट्टीत परत जातं, भाग म्हणून त्याची किंमत शून्य. पण मशीन लावून देणारा मुरलेला सेटर भागाआधी बिस्किटाकडे बघतो. ते पातळ आलं तर लॅडलमध्ये धातू कमी पडतोय. मग शेवटचा दाब भागाच्या आतपर्यंत पोचत नाही आणि आत बारीक पोकळ्या राहतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. मशीनिंग झाल्यावर किंवा लीक टेस्टला पोचल्यावर ब्लो होल म्हणून उघड्या पडतात, तोवर शेकडो भाग ओतून झालेले असतात. पडद्यावर दाब, वेग, तापमान सगळं मर्यादेत हिरवं दिसत असतं. सेटर मात्र ओळखतो. बिस्किटाच्या जाडीवरून, डायच्या कडेला आलेल्या फ्लॅशवरून, म्हणजे धातूच्या पापुद्र्यावरून, स्प्रे पडताना होणाऱ्या आवाजावरून. साप्ताहिक सुटीनंतर थंड डायवर सुरुवातीचे किती शॉट फेकून द्यायचे याचा आकडा कंट्रोल शीटवर छापलेला असतो. डिसेंबरातल्या पहाटेच्या पाळीत सेटर स्वतःच्या हिशोबाने त्यात भर घालतो. विचारलं तर म्हणतो, ‘अंदाज येतो, साहेब.’

मायकेल पोलान्यी या हंगेरीत जन्मलेल्या विचारवंताने १९६६ साली या ‘अंदाजा’वर एक छोटं पुस्तक लिहिलं. माणसाला जेवढं येतं तेवढं सगळं त्याला सांगता येत नाही, हा त्याचा गाभा. १९९५ साली इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी तो धागा कंपन्यांपर्यंत नेला. अव्यक्त ज्ञान सहवासातून दुसऱ्याकडे जातं, मग ते शब्दांत उतरतं, इतर कागदांशी जोडलं जातं आणि वापरून वापरून पुन्हा अंगात मुरतं, असं चार टप्प्यांचं चक्र त्यांनी मांडलं. व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती चौकोनी आकृती असते. आकृती देखणी आहे, पण तिच्यातल्या पहिल्या टप्प्यासाठी, म्हणजे सहवासासाठी, दोन माणसं एका जागी एका वेळी असावी लागतात. वाळूजमध्ये नेमकी तीच पंचाईत आहे.

पाळी बदलताना काय होतं बघा. हॅण्डओव्हर रजिस्टरात रकाने आहेत: उत्पादन, रिजेक्शन, ब्रेकडाउन, शेरा. शेऱ्यात बहुतेक दिवशी ‘मशीन ओके’ लिहिलेलं असतं. खरी बातमी तोंडी जाते. ‘दोन नंबरची डाय डाव्या बाजूने चिकटतेय, स्प्रे जरा जास्त ठेव.’ हे वाक्य बोलायला अर्धं मिनिट पुरतं, पण ते अर्धं मिनिट मिळायला हवं. पहिल्या पाळीच्या कामगाराला परतीची कंपनीची बस गाठायची असते. येणारी बस ट्रॅफिकमुळे पंढरपूरच्या चौकात अडकली की दोघांची गाठ पडत नाही. (वाळूजजवळचं पंढरपूर हो, विठोबाचं नव्हे.) कारखान्यातल्या ज्ञानाच्या प्रवाहाचा अभ्यास करायला आलेल्या विद्यार्थ्याने बसचं वेळापत्रक मागितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्याने ते मागायला हवं.

झेरॉक्स कंपनीत हे फार नीट पाहिलं गेलं. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडला. कंपनीने त्यांना जाडजूड मार्गदर्शिका दिली होती. अमुक चूक दिसली तर तमुक करा. ऑरला दिसलं की अवघड बिघाड मार्गदर्शिकेने सुटत नाहीत. तंत्रज्ञ जेवायला एकत्र जमतात, एकमेकांना जुन्या मशीनचे किस्से सांगतात आणि त्या किश्शांतून आजच्या बिघाडाचा माग लागतो. वरिष्ठांना ती टवाळकी वाटत होती. त्याचं पुस्तक १९९६ साली आलं. पुढे झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची प्रणाली काढली. तंत्रज्ञाने स्वतःची युक्ती लिहायची, इतर तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि मान्य झाली की लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना दिसायची. युक्तीमागे रोख बक्षीस ठेवण्याचा विचार होता. तंत्रज्ञांनीच तो नको म्हटला. पैसे ठेवले की लोक युक्त्यांची संख्या वाढवतील, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडच्या कायझेनच्या, म्हणजे सुधारणा सुचवण्याच्या पेटीवर नजर टाकली तर ते पटतं. चिठ्ठीमागे बक्षीस असलं की एकाच सुधारणेच्या तीन चिठ्ठ्या होतात.

मग असा अभ्यास करायचा कसा? विद्यापीठांतले प्रबंध चाळले तर बहुतेकांची वाट ठरलेली असते. डेव्हिस यांचं १९८९ चं तंत्रज्ञान-स्वीकाराचं प्रारूप किंवा डीलोन आणि मॅक्लीन यांचं माहितीप्रणालीच्या यशाचं प्रारूप (१९९२, सुधारून २००३) घ्यायचं, त्यावरून पाच पर्यायांची प्रश्नावली बनवायची, ती दोन-तीनशे लोकांकडून भरून घ्यायची. ही प्रारूपं वाईट नाहीत. प्रणालीचा दर्जा, माहितीचा दर्जा, वापर, समाधान आणि शेवटी पदरात काय पडलं, हे वेगवेगळं मोजावं हा डीलोन-मॅक्लीन यांचा आग्रह आजही उपयोगी आहे. घोटाळा प्रश्नावलीत आहे. ती एचआरच्या माणसाकडून वाटली जाते, त्याच्याकडेच परत येते. ‘ही प्रणाली तुम्हाला उपयुक्त वाटते का?’ या प्रश्नावर कंत्राटी कामगार ‘पूर्ण सहमत’ सोडून दुसरं काय लिहिणार?

त्यापेक्षा एक प्रश्न पकडावा आणि त्याच्या मागे चालावं. गेल्या आठवड्यात तुम्ही अडलात कुठे, आणि कोणाला विचारलंत? हे वीस-तीस जणांना विचारलं आणि कोण कोणाकडे जातं याच्या रेघा कागदावर ओढल्या की संस्थेचा दुसराच नकाशा निघतो. पदांच्या तक्त्यात साहेब वर असतात. या नकाशात सगळ्यात जास्त रेघा स्टोअरमधल्या एखाद्या माणसाकडे किंवा आवक-जावक टेबलावर बसणाऱ्या बाईंकडे जाताना दिसतात. मग तिथे जाऊन बसायचं. प्रश्न येतात कसे, त्या उत्तर देतात कशावरून, कोणती वही उघडतात आणि कोणती कधीच उघडत नाहीत. एक कागद उचलून त्याचा सगळा प्रवास बघणं हेही चांगलं साधन आहे: जन्मला कुठे, किती ठिकाणी त्याची नक्कल झाली, कोणी तो पुन्हा हाताने दुसऱ्या वहीत उतरवून घेतला. संगणक असूनही जिथे कोणी हाताने वही ठेवतो, तिथे संगणक कुठे कमी पडतो याचं उत्तर त्या वहीत असतं.

आणि व्हॉट्सॲप विसरायचं नाही. प्रबंधातल्या आकृतीत ईआरपी असतं, ई-ऑफिस असतं, सर्व्हर असतो. प्रत्यक्षात मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाला फोटो काढून ग्रुपवर टाकतो, दुसऱ्या प्लांटमधला कोणी व्हॉइस नोट पाठवतो आणि काम सुटतं. तलाठ्यांच्या (आता ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या) ग्रुपवरही हेच चालतं. याहून वेगवान व्यवस्था मी पाहिलेली नाही. पण तेच उत्तर दोन महिन्यांनी शोधू गेलं तर शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं गेलेलं असतं. फोन माणसाचा, संस्थेचा नव्हे. माणूस ग्रुपमधून बाहेर पडला की संस्थेच्या हाती त्यातलं काहीच राहत नाही.

असं हातचं जाणं या शहराला नवं नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणलं. त्यानंतरही नहरी झाल्या. १७४४ सालच्या पाणचक्कीचं जातं तशाच एका नहरीवर फिरलं. नहर म्हणजे नुसतं बांधकाम नव्हतं. कुठे उघडून गाळ काढायचा, कोणत्या बंबापाशी, म्हणजे पाण्याच्या मनोऱ्यापाशी पाणी चढतं, कुठे गळती होते हे जाणणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर होती. जायकवाडीचं पाणी नळाने आलं, तशी त्या माणसांची गरज कमी झाली. मग नहरीच्या वाटेवर घरं उठली, रस्ते खणताना खापरी नळ फुटले. आता अभ्यासक पुन्हा एकेक मणका जोडत तिचा मार्ग काढताहेत.

वाळूजची पहिली पिढीही आता निघाली आहे. १९८५ ते ९० च्या दरम्यान विशी-पंचविशीत कामाला लागलेले कामगार अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावर आले किंवा तो ओलांडून गेले. त्यांच्या जागी येणारे पुष्कळदा कंत्राटी असतात आणि बिस्किट ओळखायला लागेपर्यंत त्यांची मुदत संपते. हे नुसतं व्यवस्थापनाचं गणित नाही. ज्याला आपली नोकरी आपल्याला येणाऱ्या गोष्टीवर टिकली आहे असं वाटतं, तो ती गोष्ट वर्षभरात जाणाऱ्या पोराला का शिकवेल? कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये या प्रश्नाचा रकाना नसतो. नेमणुकीच्या अटी बदलल्याशिवाय त्याचं उत्तर मिळेल असं मला वाटत नाही.

तरी निदान निरोपाच्या वेळचा कागद बदलता येईल. निवृत्त होणाऱ्याला ‘नो ड्यूज’चा फॉर्म घेऊन खात्याखात्यांत फिरावं लागतं. स्टोअरची सही, कॅन्टीनची सही, लॉकरची किल्ली, ओळखपत्र, सोसायटीचं कर्ज. त्याच्या फोनवर गेल्या वर्षभरात कोणाकोणाचे फोन आले आणि कशासाठी, हे त्यात कोणी विचारत नाही. ते विचारावं, पण शेवटच्या दिवशी नव्हे. शेवटच्या दिवशी हार गळ्यात पडलेला असतो आणि माणूस म्हणतो, ‘सगळं रजिस्टरात लिहिलंय.’ सहा महिने आधी, मशीनपाशी, पुढे ते मशीन सांभाळणारा शेजारी उभा असताना विचारलं तर तोच माणूस आधी बिस्किट हातात घेतो.